नवरात्राच्या धुण्यातले मासे

माझं नाव हिराबाई. माहेर खर्ड्याजवळचं, किल्ला लांबून दिसतो एवढ्या अंतरावर. लोक आता गाड्या करून किल्ला बघायला येतात म्हणे, आमी तिथं शेरडं चारायला जायचो, बघायला कोण जातंय. शाळा चौथीपर्यंत झाली. मास्तर घरी येऊन म्हणले, पोरगी हुशार हाय, पुढं घाला, तर बाप म्हणला, हुशार हाय म्हणूनच घरी पाहिजे. संपली शाळा. वाचता येतं मला, पेपर रोज वाचते, पन अक्षर माझं बघण्यासारखं न्हाई, म्हणून तुमाला म्हणलं ताई, मी बोलते, तुमी लिहा. आणि जसं बोलते तसंच लिहा, गोड करू नका.

लग्न होऊन नगरला आले. मालक मार्केट यार्डात हमाली करायचे. कांद्याच्या गोण्या. आधी पाठ गेली, मग तापानं माणूसच गेलं, संतोष तवा रांगत हुता. रडायला येळ न्हाई मिळाला, खरंच न्हाई मिळाला, सासऱ्यानं दहाव्यालाच विचारलं हुतं, आता तुझं काय. मग ओळखीनं एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं. कुठला दवाखाना ते लिहू नका, काय गरज न्हाई. बाळंतिणीच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. तिथं एक सिस्टर हुत्या, ख्रिश्चन, राहुरीकडच्या, बोलायला अगदी आपल्यासारख्या पन शिस्तीला लोखंड. पहिल्याच दिवशी मला म्हणल्या, हिरा, डोळ्याला दिसती ती घाण कुणीबी धुतं, आपण न दिसणारी मारायची. मग काय, उकळायचं, फिनेल टाकायचं, उन्हात वाळवायचं. चादरी, ट्रे, बाटल्या, फरशी. डॉक्टर राउंडला आले की म्हणायचे, मावशींच्या वॉर्डात बोट फिरवलं तरी काळं होत नाही. जिल्ह्यातल्या किती लेकरांना जन्मल्या जन्मल्या या हातांनी पुसलं त्याची मोजदाद न्हाई, आज मिशा फुटलेली पोरं असतील ती, बाप झाली असतील. ते सगळं सांगायचं कारण असं की मला माझ्या हाताचा लई गर्व हुता. स्वच्छता मला कुणी शिकवायची न्हाई, असं हुतं माझं.

संतोष आयटीआय करून सुप्याच्या एमआयडीसीत लागला आणि आमी पारनेरला घर केलं. खाली दोन खोल्या, पुढं हॉल, वर गच्ची. सून केली राहात्याची, मनीषा. रक्त-लघवी तपासायची लॅब असते ना, तिथं कामाला. अंगानं बारीक, बोलायला मऊ, पन एकदा म्हणली की म्हणली. मला ती पहिल्यापासून जरा टोचायची, खोटं कशाला सांगू. माझ्या घरात मला नियम सांगणारी ती पहिलीच.

आता मासे कसे आले ते सांगते. घराच्या वास्तुशांतीला संतोषच्या दोस्तानं काचेचं गोल भांडं आणून दिलं, आत दोन मासे, एक केशरी, एक पांढरी, डोक्यावर तांबडी टोपी घातल्यासारखी. घरात मासे असले की बरकत येते म्हणे. जेवणं झाली, लोक गेले, भांडं टीव्हीवर. आठवडा झाला आन् केशरी मासा आडवा पडून फिरायला लागला. मी म्हणलं, देऊन टाका कुणाला तरी, मरायचा घरात. तर मनीषा ते भांडं मांडीवर घेऊन नगरला गेली, एसटीत, गर्दीच्या एसटीत, आणि मासेवाल्या दुकानदाराशी भांडून आली, म्हणे एवढ्याशा भांड्यात हे मासे विकताच कसे तुमी. चार दिवसांनी टेम्पोतनं काचेची पेटी आली, माझ्या हातानं दोन हात लांब. खाली खडे, मागं पाणी ओढणारं मशीन, त्यात काळा स्पंज. पाणी भरलं आणि मासे न्हाई टाकले! मासे बादलीत आणि पेटीत नुसतं पाणी फिरतंय. म्हणलं, हे काय. म्हणली, आई, पाणी मुरू द्यायचं असतं. मी शेजारच्या चंद्रकलाला म्हणलं, लोक लोणचं मुरायला ठेवतात, आमची सून पाणी ठेवते. आमी दोघी लई हसलो. ती आतून ऐकत हुती.

मग तिचे नियम. पेटीतलं पाणी सगळं कधीच काढायचं न्हाई, आठवड्याला चौथाई काढायचं आणि तेवढंच घालायचं. घालायचं ते नळाचं ताजं न्हाई, निळ्या बादलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, कारण नळाच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते, ती माशांना बाधते. दाणे चिमूटभर, दोन मिनिटांत खाऊन संपतील एवढेच. नवीन मासा आणला तर आधी पंधरा दिवस वेगळ्या टबात. संतोषनं एकदा हौसेनं आणखी मासे आणले तर तिनं तसेच परत पाठवले, म्हणली एवढ्या पाण्यात एवढेच मावतात. नंतर चार बारके घेतले तिनं, तेबी महिनाभर विचार करून. दुकानदारानं एक चिकटू मासा दिला हुता, काच चाटतो म्हणे, तो दांडगा व्हायला लागला, तर चंद्रकला म्हणली, देवीच्या बारवंत सोडा, पुण्य लागंल. मनीषा म्हणली, काकू, हा मासा बाहेरचा आहे, बारवेत सोडला तर तिथल्या माशांची अंडी खाईल, पुढं ओढ्याला जाईल, आपल्याकडचं काहीच ठेवणार नाही. आणि नगरला जाऊन दुकानदाराच्या हातात परत देऊन आली. चंद्रकला मला म्हणली, हिराबाई, तुमच्या सुनेला पुण्याचीबी काळजी न्हाई. मी मान हलवली.

पन सगळ्यात माझं डोकं फिरायचं ते स्पंजावरनं. तो स्पंज चिखलागत, हाताला बुळबुळीत, आणि ही काय करायची, पेटीतनं काढलेल्या घाण पाण्यातच त्याला हलकंसं दाबायची आणि परत आत ठेवायची. म्हणलं, अगं घाणीत घाण धुती का. म्हणली, आई, त्यात जिवाणू असतात, मासे जी घाण करतात ती ते खातात, ते मेले तर मासे मेले. मी म्हणलं, जिवाणू? पोरी, जिवाणू मारण्यात माझा जन्म गेला. ती हसली आणि म्हणली, हे मारायचे नाहीत.

ऐकलं मी. कानानं ऐकलं, तुमाला खोटं सांगत न्हाई. माहीत न्हवतं असं म्हणायची सोय मला न्हाई.

गेल्या वर्षीची गोष्ट. मनीषाला दिवस गेल्ते, पाचवा चालला हुता. तिच्या वडलांच्या डोळ्याचं ऑपरेशन हुतं राहात्याला, म्हणून ती आठ दिवस माहेरी गेली. जाताना दारात उभी राहून म्हणली, आई, चिमूटभर दाणे टाका, बाकी कशाला हात लावू नका, पाणी खराब दिसलं तरी लावू नका, मी आल्यावर बघते. मी म्हणलं, जा गं, मासे सांभाळणं म्हणजे काय लेकरू सांभाळणं न्हाई. असं म्हणले मी.

आणि पुढं नवरात्र. आता तुमाला ठाऊक हाय, घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातली सुईसुद्धा धुतल्याशिवाय ऱ्हात न्हाई. गोधड्या, पडदे, डबे, भांडी, देव, भिंती. पूर्वी आमी गाडीभर धुणं घेऊन नदीला जायचो, आता गच्चीत नळ हाय. चंद्रकला आणि मी मिळून काढलं सगळं. दोन दिवस धूत हुतो. घट आमचा हॉलमध्येच बसतो, देव्हारा तिथंच हाय, आणि देव्हाऱ्यासमोर ही पेटी, काचेवर हिरवं शेवाळ धरलेलं, वास येतोय. चंद्रकला म्हणली, सगळं धुतलं आणि ही मोरी ठेवायची का देवीसमोर. मला ते लागलं. माझ्या घरात मोरी! म्हणलं, आण बादली.

काय सांगू तुमाला, मी ती पेटी धुतली तशी दवाखान्यातली बाटलीबी कधी धुतली नसंल. मासे काढून नळाच्या ताज्या पाण्याच्या बादलीत टाकले. पेटीतलं सगळं पाणी मोरीत. खडे धुण्याच्या पावडरीत घोळले आणि वरनं उकळतं पाणी ओतलं. काच मिठानं, लिंबानं घासली. आणि तो स्पंज, त्याच्यावर तर माझा जुना राग हुता, पावडरीत भिजवला, आपटला, पिळला, पाणी काळं निघायचं थांबंपर्यंत पिळला, आणि गच्चीत दोरीवर गोधड्यांच्या शेजारी चिमटा लावून वाळत घातला. मग नळाच्या पाण्यानं पेटी काठोकाठ भरली आणि मासे सोडले. इतकी चकाचक की पाणी हाय का न्हाई कळंना. संध्याकाळी संतोष कंपनीतनं आला, म्हणला, वा आई, दुकानातल्यासारखी दिसतीये. त्याला काय कळतंय त्यातलं, त्याच्या बायकोचा कारभार. माझी छाती फुगली. मनीषा आली की बघंल म्हणलं, स्वच्छता कशाला म्हणतात.

तासाभरात मासे वरती आले आणि तोंडं उघडमीट करायला लागले. मला वाटलं भूक लागली. मूठभर दाणे टाकले. लेकरू तोंड उघडतंय तर आपण काय करतो, खायलाच देतो ना. तसेच वर आ करून राहिले, म्हणून आणखी टाकले. सकाळी चारी बारके खाली पडलेले, आणि पाण्यावर दाण्यांची साय. दुपारी मनीषाचा फोन. आई, मासे कसे आहेत. मी म्हणलं, बरे हायेत. चार मेलेले मासे माझ्यासमोर कागदावर हुते, आणि मी म्हणलं बरे हायेत. दुसऱ्या दिवशी केशरी गेला, ज्याला ती मांडीवर घेऊन नगरला गेल्ती तो. पांढरी तेवढी राहिली, एका कोपऱ्यात, पंख अंगाला चिकटलेले.

संतोषला म्हणलं, परवा लाईट गेल्ती रे लई येळ, मशीन बंद पडलं. तो म्हणला, मी काय सांगत न्हाई, तूच सांग तिला.

मनीषा घट बसायच्या आदल्या दिवशी आली. पिशवी खाली ठेवली आन् पेटीकडं बघितलं. बराच येळ बघितलं. म्हणली, आई, काय झालं. मी म्हणलं, लाईट गेल्ती. तिनं पांढरीला टबात घेतलं, निळ्या बादलीत तिनंच जाताना भरून ठेवलेलं पाणी हुतं, ते घातलं. मशीन उघडलं, आत स्पंज न्हाई. मी विसरलेच हुते तो परत घालायचा. मग ती जिना चढून गच्चीत गेली. मी खाली बसले हुते, तरी मला दिसत हुतं ती काय बघतीये. गोधड्या, पडदे, आणि मधी चिमट्याला तो स्पंज, उन्हानं कडक झालेला.

खाली आली. स्पंज नाकाला लावला, पावडरीचा वास घेतला. परत विचारलं, आई, लाईट गेली होती का. आणि मी, ताई, स्पंज तिच्या हातात असताना मी म्हणलं, व्हय. तिनं स्पंज माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणली, मासे मेल्याचं नाही म्हणत मी. मी सांगून गेले होते ना. मला राग आला. चूक आपली असली की राग जास्त येतो, मला तरी येतो. म्हणलं, पाच माशांसाठी सासूला पिंजऱ्यात उभी करतीस का, देवीसमोर घाण ठेवायची हुती का. ती आत गेली. नऊ दिवस घट बसला, माळा चढल्या, दिवा तेवत हुता, आरती झाली, आणि घरात कामापुरतं बोलणं.

माळ तिसरी का चौथी असंल. मी मागल्या दाराशी धान्य निवडत हुते, ती आत आईशी फोनवर बोलत हुती. म्हणली, माशांचं काय गं आई, मासे नाहीत डोक्यात माझ्या. उद्या बाळाला असंच होईल. मी सांगून जाईन एक, त्या करतील त्यांना वाटेल ते, आणि वर म्हणतील लाईट गेली होती. तिची आई काहीतरी बोलली असंल, ती म्हणली, नाही, बाळ तुझ्याकडंच ठेवते राहात्याला, मी जाऊन येऊन करीन.

हातातलं सूप खाली ठेवलं मी. सगळ्या जिल्ह्याची लेकरं माझ्या हातातनं गेली, आईच्या आधी मी पुसली, आणि माझ्या संतोषचं लेकरू माझ्या हातात द्यायला माझी सून भितीये. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेले असते. पन ती खोटं काय बोलली? एकबी शब्द खोटा न्हवता.

पांढरीला जपायला तिला टबातलं थोडं थोडं पाणी दिवसातनं तीनदा बदलावं लागायचं. सकाळी करून जायची, संध्याकाळी आल्यावर करायची, आणि दुपारचं? दुपारी लॅबमधनं स्कूटीवर यायची, ते पोट घेऊन, उन्हात. मी घरात बसलेली. रिकामी. माझ्यासमोरनं जायची, तांब्यानं पाणी काढायची, तांब्यानं घालायची, हात पुसायची, जायची. मी म्हणायचे, चहा ठेवू का. म्हणायची, नको आई, पेशंट बसलेत. एक दिवस मी म्हणलं, अगं मला सांग ना, मी करते. ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, राहू द्या. त्या राहू द्यामध्ये राग न्हवता, असता तर बरं झालं असतं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. लॅबमधली दुसरी बाई आली न्हवती, तिला निघता येईना. म्हणली, आई, तीन तांबे काढायचे, तीन घालायचे. निळ्या बादलीतलं. हळू. दाणे अजिबात नाहीत. मी म्हणलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. मी तसंच केलं, तेवढंच केलं. टबाच्या बुडाला घाण दिसत हुती, माझी बोटं वळवळत हुती, ताई, नुसता एक हात फिरवला असता तर निघाली असती. न्हाई फिरवला. हात पदरात गुंडाळून बसले. त्यानंतर दुपारचं काम माझ्याकडं आलं.

आणि आठ दिवसांनी पांढरी मेली. माझ्याच पाळीत. तीन तांबे काढले, घालायला गेले तर ती उताणी. मी लगेच फोन लावला, लाईट-बिट काय न्हाई, म्हणलं, मनीषा, पांढरी गेली, मी पाणी काढत हुते तवा. ती म्हणली, तुमच्यामुळं नाही आई, तिच्या कल्ल्यांना आधीच लागलं होतं. आधीच म्हणजे कधी, ते दोघींना ठाऊक हुतं. ती खरं बोलली का माझं मन राखलं, मी विचारलं न्हाई. कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली मी तिला.

दिवाळीनंतर तिनं पेटी परत लावली. नवा स्पंज, पाणी, मशीन, मासे न्हाईत. म्हणली, आता महिना-दीड महिना काहीच करायचं नाही. रोज दाण्याचा एक कण टाकायचा, तो कुजेल, त्यावर जिवाणू धरतील. हे काम माझं. रिकाम्या पाण्याला मी रोज कणभर खायला घालायचे. चंद्रकला बघून म्हणली, हिराबाई, कुणाला जेवायला घालताय, भुताला का. म्हणलं, जे दिसत न्हाई त्याला. तिला वाटलं मी देवाचं बोलतीये, तिनं हात जोडले. मनीषा लॅबमधल्यासारखी नळीत पाणी घेऊन थेंब टाकायची आणि रंग बघायची, हिरवा आला का पिवळा आला, आणि मला सांगायची, अजून नाही. पाणी गढूळ झालं, काचेवर तपकिरी धरलं, वास आला. मी बघत बसले. दवाखान्यात कधी इतकं जड गेलं न्हाई जितकं हे नुसतं बघणं गेलं. आणि बघता बघता केशरी आठवायचा, वरती येऊन तोंड उघडलेला, आणि मी त्याला मुठीनं दाणे टाकतीये. त्याला श्वास पाहिजे हुता, आणि मी त्याला खायला घालत हुते. हे मला अजून खातं. मासाच तो, मटणाचं दुकान हाय आमच्या कोपऱ्यावर, मी काय जीवदयावाली न्हाई. पन त्याला मी सांभाळायला घेतला हुता.

डोहाळजेवणाच्या आधी तिनं दोनच मासे आणले. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूहळू सोडले. मला म्हणली, बघा आई, पंख पसरलेत, म्हणजे बरं आहे. मी बघितलं. छान वाटलं असं म्हणायची मला लाज वाटली.

बाळंतपण राहात्याला झालं, मुलगी. नाव ठेवलंय कियांशी, माझ्या जिभेवर अजून बसंना, मी चिमी म्हणते. तीन महिन्यांनी मनीषा आली, लॅबवाल्यांनी बोलावणं धाडलं. लेकरू राहात्याला ठेवायचं म्हणलं हुतं तिनं, पन अंगावर पाजायचं लेकरू, इथनं राहाता रोज कोण जाऊन येतंय, आणि तिच्या आईला वडलांचंच करावं लागतं, दुसऱ्या डोळ्याचंबी दुखणं निघालं. पारनेरात पाळणाघर एक, ते तिला पसंत पडलं न्हाई. म्हणून चिमी माझ्याकडं. विश्वास टाकला म्हणून न्हाई, दुसरं कुणी न्हाई म्हणून. हे मी स्वतःला रोज सांगते, म्हणजे फुगायला होत न्हाई.

स्वयंपाकघरात तिनं मला समोर बसवून सांगितलं. गुटी नाही. कानात-नाकात तेल नाही. धुरी नाही. वरचं पाणीसुद्धा नाही, सहा महिने नुसतं दूध, काढून ठेवलेलं, वाटी गरम पाण्यात धरून. आंघोळ मीच घालीन. मी एकेक ऐकलं. मधी मधी मनात येत हुतं, अगं मी... पन तोंडातनं काढलं न्हाई. शेवटी म्हणलं, आणि काय अडलं तर? म्हणली, फोन करा. म्हणलं, करीन.

परवाचंच सांगते. दुपारी चिमी रडायला लागली, पाय पोटाशी घेऊन, पोटात धरलं हुतं, मला बघताक्षणी कळलं, हजार लेकरांचं बघितलंय. हिंग उगाळून बेंबीला लावला की दहा मिनिटांत शांत. डबा फळीवर, हात पुरतो. मी फोन लावला. उचलंना. परत लावला. लेकरू टाहो फोडतंय, मी खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारतीये, पाठ चोळतीये, फोन लावतीये. चंद्रकला आवाज ऐकून आली, म्हणली, हिंग लावा की. म्हणलं, विचारलं न्हाई. ती बघायलाच लागली. म्हणली, अहो हिराबाई, जन्मभर दवाखान्यात काढला तुमी आणि चिमूटभर हिंग लावायला सुनेची परवानगी? लाज हाय का न्हाई. म्हणलं, हाय, म्हणूनच विचारतीये. तू जा घरी.

लई येळानं फोन आला, मनीषा रडकुंडीला आलेली, आई, काय झालं, इतके मिस्ड कॉल कशाला? म्हणलं, पोटात दुखतंय तिच्या, हिंग लावू का. ती हसली. लई दिवसांनी माझ्याशी बोलताना हसली. म्हणली, एवढंच होय, लावा की, पोटावर लावा, बेंबीच्या आत नको. बेंबीच्या आत नको! मी आतच लावणार हुते, ताई. जन्मभर आतच लावत आले.

पोटावर लावला. झोपली. ती बघा, अजून कशी शांत निजलीये, शंभर वर्षं जगू दे तिला, आणि तिच्या आईला तिच्याहून जास्त.

मनीषानं मला माफ केलं का, ते मला विचारू नका. मी तिला विचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. रोज सकाळी ती चिमीला माझ्या मांडीवर ठेवते, पर्स घेते, चपला घालते, आणि दारातनं एकदा मागं वळून माझ्या हातांकडं बघते. तोंडाकडं न्हाई, हातांकडं. मला दिसतं ते. पहिल्यांदा लई लागायचं. आता म्हणते, बघू दे. तिनं बघितलंच पाहिजे.